शेजारी राहिलं म्हणजे ओळख झाली असं नाही

(सायखेडा येथे द्राक्षाच्या कामाला आलेल्या मजुरांच्या मेळाव्यात संघटनेच्या एका पूर्णवेळ कार्यकर्त्याने जानेवारी २०१९ मध्ये केलेलं भाषण. टेपवरून उतरवून घेतलं आहे. पाड्यावर बैठक घेऊन मोठ्याने वाचावं.)





आज बाजाराचा दिवस म्हणून तुम्हाला अर्धा दिवस सुटी मिळाली. बाजार करून, पिशव्या बाजूला ठेवून तुम्ही बसलात. लेकरं भुकेली आहेत, त्यामुळे जास्त वेळ घेत नाही. पण शिमग्याला आपण घरी जायच्या आत एका गोष्टीवर बोलणं जरूर आहे. गावी गेलो की ग्रामसभा बसणार आहे आणि दाव्यांची फेरतपासणी व्हायची आहे. त्या सभेत जे करायचं त्याची तयारी इथंच, सायखेड्यात व्हायला पाहिजे.

आधी जरा आजूबाजूला बघा. इथं कोण कोण बसलंय? सुरगाण्याचे आहेत, पेठचे आहेत, दिंडोरीच्या वरच्या अंगाचे, त्र्यंबकचे आहेत. कोकणा आहेत, महादेव कोळी आहेत, वारली आहेत, तिकडं मागं झाडाखाली काथोडी बसलेत. बागांचे मालक मराठा, माळी, वंजारी. बाजारात किराणा घेतला तो मारवाड्याच्या दुकानातून, चप्पल शिवून घेतली चर्मकाराकडून, ज्या गाडीतून आलो तिचं पंक्चर काढलं मुसलमान पोराने. आपल्या पाड्यावर वर्षभरात जेवढ्या तऱ्हेची माणसं दिसत नाहीत, तेवढी इथं एका सकाळी भेटतात.

मग माझा प्रश्न असा, की एवढी माणसं रोज भेटून आपलं मन मोठं होतं का? त्यांचं आपल्याबद्दलचं मन बदलतं का? शहरातली शिकलेली माणसं म्हणतात, लोक एकमेकांना भेटले, मिसळले की गैरसमज जातात. मी पंचवीस वर्षं या बागांमध्ये येतोय. आधी मजूर म्हणून, नंतर संघटनेच्या कामाला. मला जे दिसलं ते सांगतो.

आठ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. इथून जवळच्याच एका गावात आमची टोळी होती. एका रात्री विहिरीवरून मोटारीची केबल गेली. सकाळी वीस-पंचवीस माणसं आमच्या शेडपुढे उभी. काय शोधताय विचारलं तर उत्तर नाही, सरळ पेट्या उघडायला लागले. पीठ सांडलं, कपडे बाहेर फेकले. तेवढ्यात मालकाची म्हातारी आई धावत आली. आडवी झाली. म्हणाली, "माझी माणसं तसली नाय. सात वर्सं येत्यात. घर उघडं टाकून जाते मी त्यांच्या भरोशावर." माणसं थांबली. म्हातारीला गावात मान होता.

आम्हाला वाटलं, बघा, सात वर्षांची ओळख कामाला आली. पण म्हातारी पुढं काय बोलली? म्हणाली, "ते नदीकडचे भिल्ल बघा, त्यांनीच नेली आसंल." आणि माणसं तिकडं गेली. भिल्लांच्या दोन पोरांना मार बसला. चार दिवसांनी कळलं, केबल मालकाच्या चुलतभावानेच दुसऱ्या विहिरीवर नेली होती.

म्हातारी वाईट नव्हती. तिनं आमची लेकरं सांभाळली, बाळंतिणीला तूप दिलं. पण सात वर्षांत तिनं शिकलं काय, तर "ही दहा माणसं चांगली आहेत." आदिवासी चोर असतो हे तिच्या मनात होतं तसंच राहिलं. आम्हाला तिनं त्यातून फक्त बाजूला काढलं. तुम्हालाही असं कुणी म्हणालं असेल, "तू त्यातला वाटत नाहीस." ऐकायला बरं वाटतं. पण आपली जात, आपली माणसं चिखलात ठेवून एकट्याला वर घ्यायचं बोलणं आहे ते.

आणि आम्ही? आम्ही त्या दिवशी गप्प बसलो. आमच्यावरचं टळलं ना, मग झालं. ते भिल्ल आमचे कोण लागत होते? ही गोष्ट मी पुष्कळ वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

नुसतं शेजारी राहून काही होत नाही, याला आपल्याच मुलखात मोठी साक्ष आहे. नाशिकचं काळाराम मंदिर घ्या. अस्पृश्य म्हटलेली माणसं आणि सवर्ण एकाच शहरात पिढ्यान् पिढ्या राहत होती. एकाच रस्त्याने चालत होती, बाजार एक होता, गोदावरी एक होती. रोजची गाठ होती. तरी मंदिराचं दार उघडलं नाही. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह सुरू केला, दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते. वर्षामागून वर्षं गेली, डोकी फुटली, माणसं तुरुंगात गेली, तरी दार बंदच. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ ला इथून जवळ येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. हेच दादासाहेब गायकवाड पुढे १९६४-६५ साली भूमिहीनांच्या सत्याग्रहात देशभर उभे राहिले. देवळाच्या दारापासून ते जमिनीपर्यंत आले, आणि त्या लढ्यात दलित होते, आदिवासी होते, सगळ्या जातींचे भूमिहीन होते.

दुसरं उदाहरण शहाद्याचं. तिथं भिल्ल माणूस सालदार म्हणून मालकाकडे राहायचा. वर्षाचं ठरवून काम, मालकाच्याच गोठ्यात झोपणं, मालकाची पोरं अंगाखांद्यावर खेळवणं. यापेक्षा जवळची गाठभेट कुठली? तरी मालक लोकांनी पिकं राखायला राखणदारांच्या टोळ्या ठेवल्या, कारण भिल्ल म्हणजे चोर. १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडीला आदिवासींवर गोळ्या चालल्या. मग अंबरसिंग सुरतवंतींसारखा भिल्लांतलाच माणूस उभा राहिला, ३० जानेवारी १९७२ ला शहाद्याला भूमुक्ती मेळावा झाला, आणि गेलेल्या जमिनी परत मागायला लोक उभे राहिले. गोठ्यात झोपणारा सालदार मालकाला रोज दिसत होता. पण तो माणूस म्हणून दिसला तो हिशेब मागायला समोर उभा राहिला तेव्हा.

अमेरिकेत गॉर्डन ऑलपोर्ट नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. तिथं गोरे आणि काळे यांच्यात अशीच दरी. १९५४ साली त्यांनी पूर्वग्रहावर पुस्तक लिहिलं. पूर्वग्रह म्हणजे माणूस बघायच्या आधीच त्याच्याबद्दल मनात पक्कं करून ठेवलेलं मत. त्यांनी जे मांडलं ते आपल्या भाषेत सांगतो. भेटल्याने मन बदलतं, पण चार गोष्टी असल्या तर. पहिली, भेटताना दोघं बरोबरीचे पाहिजेत. एक खाटेवर आणि एक जमिनीवर असं नको. दुसरी, दोघांना एकच गोष्ट मिळवायची असली पाहिजे. तिसरी, ती एकमेकांच्या हाताशिवाय मिळत नसली पाहिजे. चौथी, ज्यांचा शब्द चालतो त्यांनी, म्हणजे कायद्याने, सरकारने, गावाच्या पंचांनी, त्या मिसळण्याच्या बाजूने उभं राहिलं पाहिजे. आता म्हातारीच्या गोष्टीला हे लावून बघा. ती मालकीण, आम्ही मजूर. चारांतली एकही गोष्ट तिथं नव्हती.

इथपर्यंत तुम्ही माना हलवताय, कारण मी दुसऱ्यांबद्दल बोलतोय. आता आपल्याबद्दल बोलतो. राग आला तरी ऐकून घ्या.

मी कोकणा. लहानपणी आमच्या ओट्यावर काथोडी चढत नसे. मध घेऊन यायचा, खेकडे घेऊन यायचा, अंगणात उभा राहायचा. आजी नागली टाकायची ती वरून, त्याच्या फडक्यात. पाणी मागितलं तर ओंजळीत ओतायचं, भांडं द्यायचं नाही. मी विचारलं, का? आजी म्हणाली, ते उंदीर खातात. मी म्हटलं, आपणही पूर्वी खात होतो असं आजोबा सांगायचे. आजीने मला चूप बसवलं. पुढं मी इथं बागेत आलो आणि मालकाच्या घरून मला वेगळ्या पेल्यात चहा आला. तो पेला कुंपणाच्या खांबाला उलटा अडकवलेला असायचा. माझ्या छातीत जळायचं. पण आजीच्या हातातली ओंजळ मला तेव्हाही आठवली नाही. आपल्यावर झालेलं आपल्याला लगेच कळतं. आपण केलेलं कळायला फार वर्षं लागतात.

मग एका हंगामात काय झालं, मालकाने कोकणा टोळी आणि काथोडी टोळी एकाच शेडमध्ये ठेवली. आमच्या बायांनी पहिल्याच दिवशी पाण्याचा ड्रम वेगळा मागितला. मधोमध साड्यांचा पडदा बांधला. डिपिंगचं काम होतं, उक्तं, ओळींवर पैसे. माझा जोडीदार तापाने पडला. एकट्याने डिपिंग होत नाही, औषध आणायला एक लागतो, घड बुडवायला एक लागतो. नाइलाजाने एका काथोड्याबरोबर जोडी लावली.

अठरा दिवस आम्ही एका मगाभोवती काम केलं. त्याचे हात माझ्यापेक्षा चपळ. पानाआड दडलेला घड त्याला आधी दिसायचा. भाकर मात्र तो पडद्याच्या त्या बाजूला खायचा, मी ह्या बाजूला.

हिशेबाच्या दिवशी मुकादम म्हणाला, दोनशे दहा ओळी झाल्या. आमच्या पोराने वहीत लिहिलं होतं, पण मधे अवकाळी पाऊस झाला, शेड गळलं, वहीचा लगदा झाला. मुकादमाला ते ठाऊक होतं. आम्ही भांडलो, पण पुरावा काय? तेव्हा तो काथोडी उठला, कमरेची सुतळी सोडली आणि मालकापुढे ठेवली. रोज संध्याकाळी तो ओळीला एक गाठ मारत होता. त्याला लिहिता येत नव्हतं, वीसच्या पुढं मोजता येत नव्हतं, म्हणून वीस गाठी झाल्या की एक लाल चिंधी. मालकाने स्वतः मोजलं. बारा चिंध्या आणि वर सात गाठी. दोनशे सत्तेचाळीस ओळी. मालक बागेत गेला, ओळी मोजून आला, आणि सदतीस ओळींचे पैसे निघाले. ते पैसे काथोड्यांनाही मिळाले, आम्हालाही मिळाले.

त्या रात्री कुणी न सांगता पडदा सुटला. एका बाईने काढला, भाकरी थापायला उजेड येत नाही म्हणाली. ड्रमही एक झाला. ऑलपोर्ट साहेबांच्या चारांतल्या तीन गोष्टी तिथं होत्या. मजुरीत बरोबरी, हिशेब एक, आणि त्याच्या सुतळीशिवाय आमची मजुरी निघत नव्हती.

पण पुढचं ऐका. शिमग्याला गावी गेलो. तो काथोडी आमच्या अंगणात आला. मी घरात होतो. मी त्याला ओट्यावर ये म्हणालो नाही. मीच बाहेर गेलो, अंगणात उभ्याने बोललो. का? तर भाऊबंद बघतील. सायखेड्याच्या शेडमध्ये सुटलेला पडदा पाड्यावर मीच परत बांधला. चारांतली चौथी गोष्ट तिथं नव्हती. गाव त्या मिसळण्याच्या बाजूने उभं नव्हतं आणि मला एकट्याला धीर झाला नाही.

आता गेल्या वर्षीच्या मार्चचं आठवा. ६ मार्च २०१८ ला नाशिकहून निघालो. कसारा घाट उतरलो, पायांना फोड आले, १८० किलोमीटर चालून १२ मार्चला मुंबईला आझाद मैदानावर पोचलो. आदल्या रात्री सोमय्या मैदानावर मुक्काम होता. पोरांची दहावीची परीक्षा होती, सकाळी रस्ते अडले तर त्यांचं वर्ष जाईल म्हणून आपण रात्रीच उठून चाललो. आपल्याला काही लोक माओवादी म्हणत होते. आणि मुंबईची माणसं काय करत होती? पाणी घेऊन उभी होती, पोहे घेऊन, बिस्किटं घेऊन, कुणी घरातल्या चपला आणून देत होतं. एका बाईने मला पुडा दिला आणि विचारलं, "तुम्ही खरंच आदिवासी? मला वाटलं तुमचे कपडे वेगळे असतात." मी म्हटलं, ताई, झेंडा सोडला तर कपडे तुमच्या बाजारातलेच आहेत. ती हसली, मग रडली.

त्या रात्री पुष्कळ मुंबईकरांच्या मनातला आदिवासी बदलला, हे खरं आहे. त्याचं मोल मी कमी करत नाही. आणि आपल्याही मनातली मुंबई बदलली. पण ती रात्र एकच होती. सरकारने लेखी आश्वासन दिलं, वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू म्हणून. सहा महिने सप्टेंबरातच संपले. चपला झिजल्या, दावे तिथंच आहेत. म्हणून म्हणतो, एका रात्रीच्या मायेने दार किलकिलं होतं. ते उघडं ठेवायचं काम रोजचं आहे, आणि ते आपलंही आहे.

त्याच मोर्चात आपण काथोड्यांच्या खांद्याला खांदा लावून चाललो, एका पातेल्यातून खिचडी खाल्ली. आता तेच खरं करून दाखवायची वेळ आली आहे.

वनहक्क कायदा २००६ चा. तुम्हाला पाठ आहे, तरी सांगतो. आदिवासी माणूस १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून प्लॉट कसत असेल तर त्याचा हक्क, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत. पुराव्याचं नियम १३ मध्ये आहे. एकाहून जास्त पुरावे पाहिजेत. आपल्यापैकी बहुतेकांकडे दंडाच्या पावत्या आहेत, कारण आपण भांडून पावती मागत होतो. काथोड्याला पावती मागायची ठाऊक नव्हतं. त्याने दंड भरला, कोंबडी दिली, मार खाल्ला, कागद नाही. मग त्याच्याकडे काय उरलं? जमिनीवरच्या खुणा, म्हणजे बांध, झाप, त्याने लावलेली झाडं, त्याच्या माणसांना पुरलेल्या जागा. आणि दुसरा पुरावा ज्येष्ठांचा जबाब. नियमच म्हणतो, दावेदार सोडून इतर ज्येष्ठ माणसांनी सांगितलेलं लिहून घ्यायचं.

हे इतर ज्येष्ठ म्हणजे कोण? तुम्ही, मी, आपले म्हातारे. "हा इथं वीस वर्षं कसतोय, मी डोळ्याने पाहिलंय" असं आपल्या म्हाताऱ्याने बोलायचं आणि खाली अंगठा द्यायचा. तो अंगठा नाही मिळाला तर काथोड्याचा दावा अर्ध्या पुराव्यावर लटकतो. आपल्या पाड्यावर गेल्या वेळी काथोड्यांचे सात दावे असेच राहिले. कुणी विरोध केला नाही. कुणी उठून बोललं नाही, एवढंच. केबल गेली त्या सकाळी आम्ही गप्प बसलो होतो, तसंच सभेत बसलो. शिवाय काही जण कुजबुजले, "ते आज इथं, उद्या तिथं, त्यांना जमीन कशाला?" अरे, आपल्याबद्दल वरचे साहेब हेच म्हणतात! "आदिवासींना जमीन दिली तर जंगल राहील का?" तीच भाषा, फक्त एक पायरी खाली.

हिशेबानेही बघा. काथोडी, म्हणजे कागदावर कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या आपल्या राज्यातल्या तीन आदिम जमाती. त्यांच्या वस्तीच्या हक्काचं कायद्यात वेगळं कलम आहे. ते आपल्याबरोबर असले तर ग्रामसभेचा सामूहिक दावा मजबूत होतो. ते बाजूला पडले तर उद्या साहेब म्हणेल, तुमच्यातच एकमत नाही. पण मी फायद्यासाठी म्हणत नाही. त्या सुतळीवर माझी मजुरी निघाली होती. तेव्हा त्याची साक्ष मी घेतली. आज त्याला माझी साक्ष पाहिजे.

म्हणून शिमग्याच्या आधी तीन कामं.

एक. इथंच, याच आठवड्यात, प्रत्येक टोळीने आपल्या पाड्यावरच्या ज्यांच्याकडे पावत्या नाहीत अशा दावेदारांची यादी करायची. कोण केव्हापासून कुठला तुकडा कसतो, त्याच्या प्लॉटवर खुणा काय आहेत, ते लिहायचं. लिहिता येणारी पोरं आहेत, त्यांना बसवा. वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा!

दोन. गावी गेल्यावर ग्रामसभेत आपल्या म्हाताऱ्यांनी या लोकांसाठी जबाब द्यायचा. बायांनीसुद्धा. कोण कुठं नांगरतं हे बायांना पुरुषांपेक्षा जास्त ठाऊक असतं, कारण सरपणाला त्याच वाटेने जातात. जबाब उभ्याने, सगळ्यांसमोर, मोठ्याने. वनहक्क समितीने तो लिहून घ्यायचा आणि वाचून दाखवायचा. दावा फेटाळला तर उपविभागीय समितीकडे जायला साठ दिवस असतात, हे त्यांना समजावून सांगायचं.

तीन. हे काम कायद्यात लिहिलेलं नाही. समितीची बैठक यंदा काथोडी वस्तीवर घ्यायची. त्यांच्या अंगणात बसायचं, त्यांच्या घरचं पाणी त्यांच्या भांड्याने प्यायचं. ठराव करून करायचं. एकट्याला धीर होत नाही, मला झाला नव्हता. सगळा पाडा उठला की भाऊबंद बघतील ही भीती राहत नाही, कारण भाऊबंद शेजारीच बसलेले असतात.

माझी आजी आता नाही. तो काथोडी आहे, त्याचा मुलगा याच बागांत कामाला येतो, आज तिकडं मागं झाडाखाली बसलाय. मी त्याला सकाळीच सांगून ठेवलंय, शिमग्याला घरी ये. ओट्यावर बसू, तुझ्या बापाचा जबाब मीच लिहून घेतो. तो म्हणाला, "बघू, तुमच्या घरचे काय म्हणतात." बरोबर बोलला तो. बोलण्यावर विश्वास ठेवायचं त्याला कारण नाही. होळीच्या दुसऱ्या दिवशी कळेल.

आणि आता झाडाखालच्या भावांनो, ऊन तुमच्या अंगावर आलंय. पुढं या. सतरंजीवर जागा आहे. सरका रे जरा.

आदिवासी एकता, जिंदाबाद! कसेल त्याची जमीन, जिंदाबाद!